पांढऱ्या भाताचा नेम

माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीने मला फसवलं. माझ्याच घरात, माझ्याच पंगतीला बसून, माझ्या मुलीच्या तोंडातला घास तिने काढून घेतला आणि मला कळू दिलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढची हकीगत ऐकली की लोक मान हलवतात आणि म्हणतात, अहो, बाईची माया होती हो. मायेचं काय करायचं ते आपण नंतर बघू. फसवणुकीला आधी फसवणूक म्हणा.

आमचा मूळ धंदा हातमागाचा. वडील गेले तेव्हा मी लहान होतो, आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जन्म काढायचा नाही एवढं मला तेव्हाच कळलं होतं. भिवापूरची मिरची गाड्या भरून नागपूरच्या इतवारीत यायची. तिथे मी आधी पोती उचलली, मग पोतं उघडून आतला माल ओळखायला शिकलो, आणि शेवटी दलाल म्हणून उभा राहिलो. मला कोणी हात दिला नाही. जे मिळवलं ते भांडून मिळवलं, आणि भांडताना माझा आवाज चढतो हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे.

अक्का माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी. ती विधवा होऊन परत आली तेव्हा तिच्या पदरी मूल नव्हतं. तिने गळ्यात तुळशीची कंठी घातली, मांस-मच्छी, कांदा-लसूण सोडलं, आणि माझ्या घराची चूल हातात घेतली. माझं लग्न नंतर झालं. बायको आली, तिला दोन मुलं झाली, तरी चूल अक्काचीच राहिली. बायको भाज्या चिरायची, पीठ मळायची, पण फोडणी टाकायची ती अक्का आणि ताट वाढायची तीही अक्का. मला त्यात गैर वाटलं नाही. घरात एक माणूस चुलीचा मालक असलेला बरा.

मुलगी सहाएक वर्षांची असताना तिला गोवर आला. मिरचीचा हंगाम होता, मी भिवापुरात होतो. घरी सगळं रीतीप्रमाणे झालं. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला. घरात माता आली म्हणजे फोडणी द्यायची नाही, भाजी चिरायची नाही, तळण काढायचं नाही. लेकराला दही-भात, पांढरं आणि थंड, एवढंच. मी परत आलो तोवर अंगावरचे डाग मावळले होते. आमच्या मागच्या अंगणात कडुनिंबाखाली शेंदूर लावलेले दोन दगड आहेत, तीच आमची मातामाय. अक्काने तिथे दही-भाताचा नैवेद्य ठेवला, पाणी ओतलं, आणि घर पुन्हा चालू झालं.

मुलगी मात्र भातावरच अडकली. दह्याने तिला मळमळू लागलं, मग भात आणि साखर. वरण वाढलं तर ताट सरकवायची. भाजीचा हिरवा ठिपका भातात दिसला तर तेवढीच शितं वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावायची. तिचा मोठा भाऊ तिच्या वाट्याचंही खाऊन टाकायचा. आम्ही म्हटलं, आजारातून उठली आहे, येईल वळणावर.

पावसाळ्यात एकदा बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं, "अवो, ही पोरगी दिवेलागणीले भिंत धरून चालते. भाऊ हसते तिले. पण ती नाटक नाही करून राहिली."

मी मुलीला संध्याकाळी अंगणात उभं केलं आणि कडुनिंबाच्या झाडाखालचा लोटा आणायला सांगितलं. ती निघाली, दोन पावलांनंतर हात पुढे केले, आणि लोटा पायाशी असताना झाडाच्या बुंध्यावर हात फिरवत उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली की लोटा कोणीतरी नेला. मी पुढे होऊन लोटा उचलला.

सीताबर्डीवर एक तरुण डॉक्टर बसायचे. त्यांनी मुलीच्या पापण्या उलटून पाहिल्या, दिवा जवळ-दूर केला, आणि ती काय खाते ते विचारलं. बायकोने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हा रातांधळेपणा आहे, आणि अजून वेळ गेलेली नाही. माशाचं तेल द्या. ते पोटात ठरलं नाही तर हिरव्या पालेभाज्या, पिकलेली पपई, गाजर, यातलं काही ना काही रोज पोटात गेलं पाहिजे. भातावर ठेवाल तर बुबुळं कोरडी पडतील, आणि मग मी काही करू शकणार नाही. हे सगळं घरी येऊन मी अक्कासमोर शब्दाला शब्द सांगितलं. तिने ऐकलं नाही असं आज कोणी म्हणू नये.

माशाच्या तेलाची बाटली अक्काने स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. तिच्या कंठीचा मान ठेवून मी ती ओसरीतल्या कोनाड्यात ठेवली. सकाळी मुलीचं नाक दाबून मी स्वतः तेल पाजायचो, आणि ती ते माझ्याच धोतरावर ओकायची. थोड्या दिवसांनी ती मला पाहिलं की आईच्या मागे लपायला लागली. बायको म्हणाली, पुरे करा. मग राहिलं ताट.

मी ठरवलं, हे काम बाजारासारखं करायचं. आमच्या नागपुरात वाराला बाजार आहे आणि बाजाराच्या नावाने वस्ती आहे. तेव्हा रात्रीचं जेवणही वाराला बांधून टाकलं. रविवारी इतवारीतून चवळाईची पालेभाजी, बुधवारी बुधवारीतून लाल भोपळा आणि पालक. शुक्रवारी पपई, आणि ती झाडावर पिकलेलीच, कारण अढीत पिकवलेली झाडाची म्हणून विकणारे मला फसवू शकत नाहीत. मधल्या दिवसांना शेवग्याचा पाला. तो शेजारच्या झाडाचा, त्याला बाजार लागत नाही. कोणत्या दिवशी काय शिजेल हे घरात सगळ्यांना पाठ झालं. भाजीवालीशी मी जुडीजुडीसाठी भांडायचो. एक माळीण मला लांबून पाहिलं की टोपलीवर फडकं टाकायची. म्हणायची, "आले मिरचीवाले. आता पालकबी तिखट लागन."

घरात मात्र मला कोणी दाद देत नव्हतं. हिवाळ्यात पहिल्यांदा गाजरं आणली तेव्हा अक्काने एक शेंडीला धरून उचललं.

"हे काय आणलं गा? उंदराच्या शेपटावानी."

भेदरं, म्हणजे ज्याला आता लोक टोमॅटो म्हणतात, ते तर तिने चुलीजवळही येऊ दिलं नाही. रक्तावानी दिसते, म्हणाली, माह्या चुलीवर नाही चढत. बायकोने मग गाजर किसून गुळात शिजवलं, शेवग्याचा पाला बारीक करून भाकरीच्या पिठात मळला, भोपळा भातात कालवून वर साखर भुरभुरवली. मुलगी जिभेच्या टोकाने चाखायची आणि ओठ मिटून घ्यायची. मी एकदा रागाने तिचं ताट अंगणात भिरकावलं. त्या रात्री तिने साखर-भातही खाल्ला नाही.

तेव्हा मला हाताच्या सौद्याची आठवण झाली. मिरचीच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे दलाल हात पुढे करतात, त्यावर रुमाल पडतो, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते त्या दोघांनाच माहीत. मुलगी भावासमोर हट्टाला पेटायची. तो हसला की मुळीच खायची नाही. म्हणून मी तिला शेजारी बसवलं, खांद्यावरचं उपरणं आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं, आणि तिची चार बोटं दाबली. चार घास. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि माझं एक बोट दाबलं. मी तीन दाबली. तिने पुन्हा एक.

"बाबा, तुमी लय मांगता," ती कुजबुजली.

दोनावर सौदा पटला. तिने दोन घास चवळाई तोंडात घेतली, डोळे मिटले, गाल फुगवले, आणि उठून मोरीकडे पाणी प्यायला गेली. बायको म्हणाली, लेकराशी कोणी भाव करते का. पण तिच्याही चेहऱ्यावर बरेच दिवसांनी हसू होतं.

त्यानंतर रोज रात्री उपरण्याखाली आमचा सौदा चालला. तिचा हात लहान आणि ओलसर असायचा, आणि ती बोट दाबायची ते पक्कं दाबायची, कच्च्या दलालासारखं चाचरत नाही. कधी मीच तिला जिंकू द्यायचो. हळूहळू ती तीनवर आली, मग चारवर. मेथी, पालक, भोपळा, जे वाराला असेल ते. ठरलेले घास ती नेमाने तोंडात भरायची आणि नेमाने मोरीकडे जायची. मी बाजारात सांगत सुटलो की पोरगी माझ्यापेक्षा सरस दलाल होणार. फक्त संध्याकाळचं भिंत धरून चालणं थांबत नव्हतं. उलट आता तिला दिवसाही उजेडाकडे पाहवत नव्हतं. डॉक्टर विचारायचे, खाते ना? मी छातीवर हात ठेवून सांगायचो, माझ्यासमोर खाते. ते पुन्हा तिची पापणी उलटून पाहायचे. आता वाटतं, त्यांना माझा शब्द खरा वाटत नव्हता, आणि डोळे तर दिसत होते.

माघात एके रात्री जेवण झाल्यावर मी हात धुवायला मागे गेलो. मुलगी नुकतीच मोरीकडे गेली होती, पण मोरीत कोणी नव्हतं. कडुनिंबाखाली कंदील ठेवलेला दिसला. मातामायच्या दगडांसमोर अक्का उकिडवी बसली होती. तिने पळसाच्या पानाचा द्रोण मुलीच्या हनुवटीखाली धरला होता. मुलगी गालात बोट घालून हिरवा चोथा काढत होती आणि द्रोणात टाकत होती.

"सावकाश," अक्का म्हणाली. "सगळं काढ वं माय. दाढेतलंबी."

मग तिने पदराने मुलीचं तोंड पुसलं आणि मांडीवरच्या वाटीतून साखर-भाताचा घास उचलला. मी त्यांच्यासमोर चार हात अंतरावर उभा होतो. मुलीने मान वर केली, तिचे डोळे सरळ माझ्यावर आले आणि माझ्यातून पलीकडे गेले. तिने तोंड उघडलं आणि घास घेतला. मी तिथे आहे हे तिला दिसलंच नाही.

अक्काला दिसलं. तिच्या हातातला द्रोण खाली पडला.

"काय करून राहिली तू?" मी विचारलं.

तिने द्रोण उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली की नेम आहे. गोवरात मुलीचा ताप उतरत नव्हता तेव्हा तिने मातामायला शब्द दिला होता: ही वाचली तर मातामाय मोकळं करेपर्यंत हिच्या पोटात पांढरंच जाईल. ताप उतरला. पुढे डोळ्यांचं सुरू झालं, तेव्हा तिला वाटलं की माता अजून गेलेली नाही, डोळ्यात बसली आहे; आता नेम मोडला तर डोळे घेईल. म्हणून तिने मुलीला माझ्या गळ्याची शपथ घातली होती. बाबाला सांगितलंस तर बाबा मरेल. आणि मुलगी रोज रात्री, मला जिवंत ठेवण्यासाठी, माझ्या हाताची बोटं दाबून माझ्याशी खोटा सौदा करत होती.

मी ओरडलो. काय काय बोललो ते शेजारच्यांना विचारा, त्यांना पाठ आहे. अक्का एकच बोलली.

"ती तापानं जळून राहिली होती तवा तू कुठी होता गा? मी होती. मले जे सुचलं ते मी बोलली."

मी मिरची घेत होतो. त्याच मिरचीवर ती चूल पेटत होती जिच्यापुढे ती बसायची. हे मी तिला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. त्याच रात्री मी तिला चुलीवरून उठवलं. ओसरीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून दिले आणि म्हटलं, तुझं पांढरं तू इथे शिजव.

आठवडा उलटायच्या आत मुलीचा डावा डोळा लाल झाला, पाणी वाहू लागलं, आणि बुबुळावर पांढरं फूल पडलं. डॉक्टरांनी पापणी सोडून दिली आणि हात धुतले. हा डोळा गेला, म्हणाले. उजवा अजून राखता येईल, पण आजपासून खाल्लं पाहिजे. उद्यापासून नाही, आजपासून.

घरी आल्याबरोबर बायकोने पालक शिजवला. मुलीने तोंड उघडलं नाही. भात दिला, तोही नाही. अक्काला चुलीवरून उठवल्यापासून मुलगी अशीच अर्धपोटी ताट सोडून उठत होती. त्या दिवशी पाण्याशिवाय काही घेईना. भाऊ तिच्यासमोर बसून रडला, कधी नव्हे ते. मी उपरणं हातांवर टाकलं, आणि तिने आपले दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले. मी म्हटलं, दोन. मी म्हटलं, एक. बाजारात मी आयुष्यात इतका खाली उतरलो नव्हतो. म्हटलं, नुसती चव घे, मी बाकी काही मागत नाही.

"आत्यानं देल्लं तं खाईन," ती म्हणाली.

मी ओसरीत गेलो. अक्का भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिला ये म्हटलं की चल म्हटलं, आता आठवत नाही. ती उठली, हात धुतले, मुलीसमोर बसली, भाकरीचा तुकडा मोडून पालकात बुडवला आणि तिच्या ओठांपाशी नेला.

"खा वं माय."

मुलीने खाल्लं. चावून, गिळून, पुढच्या घासाला तोंड उघडून खाल्लं. हातांवर कापड नव्हतं, बोटं नव्हती, साखरही नव्हती. वाटी रिकामी झाली. बायकोने दुसरी वाढली, तीही गेली. मी दारात उभा होतो. ज्यासाठी मी पावसाळ्यापासून या गावाचे सगळे बाजार पालथे घातले, ते त्या बाईच्या तीन शब्दांवर होत होतं.

मुलगी झोपल्यावर मी अक्काला विचारलं, मग आता नेमाचं काय झालं?

"नेम फिटला," ती म्हणाली. "मातामायनं तिचं घेतलं. आता काहीबी खाल्लं तं चालते."

ती हे शांतपणे म्हणाली. तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मला त्या वेळीही दिसलं. शिवी देणाऱ्या माणसाशी मी भांडू शकतो; या माणसाशी काय भांडणार?

उजवा डोळा राहिला, पण धड राहिला नाही. मुलगी आता पंधरा-सोळा वर्षांची आहे. सगळं खाते, गाजर, भेदरं, चवळाई, माशाचं तेलसुद्धा चमच्याने घेते. डॉक्टर म्हणाले, त्याने आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही. सुईत दोरा ओवता येत नाही. तांदूळ पाहून निवडता येत नाहीत, म्हणून ते बोटांनी चाचपते. पाहायला लोक येतात, पोहे खातात, तिच्या डाव्या डोळ्याकडे न पाहता तिच्याशी बोलतात, आणि निरोप पाठवतात की पत्रिका जमत नाही. मी एवढा दलाल, पण या मालाला गिऱ्हाईक आणायचं माझ्या हातात नाही, आणि माझ्या मुलीला मी माल म्हटलं याचाही मला राग येतो.

तिला मात्र राग नाही. आत्याला बोलू नका, म्हणते. अक्काचे दात गेले, तेव्हापासून तीच तिला भाकरी दुधात कुस्करून देते. दोघी ओसरीत बसतात. मी जवळ गेलो की गप्प होतात. मी विचारलं की अक्का माळ ओढते आणि भिंतीकडे तोंड करते. एवढी वर्षं मी विचारतो आहे. मी मेलो तरी ती सांगणार नाही, आणि ती मेली तर कोणीच सांगणार नाही.

म्हणून आता सगळ्यांसमोर विचारतो. अक्का, देवीला मध्ये आणू नकोस. देवीने मला फसवलं नाही. आमच्या बाजारात दुसऱ्याचा माल त्याला न विचारता कोणी सौद्यात ठेवला तर त्याला हात धरून बाहेर काढतात. तू माझ्या मुलीचे डोळे सौद्यात ठेवलेस. ती तुझ्या एका बोलण्यावर खाणार होती, हे तुला ठाऊक होतं. मला नव्हतं, तिच्या आईला नव्हतं, डॉक्टरला नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले तेही तुला ठाऊक होतं. तरी तू पावसाळाभर तिला भातावर ठेवलंस, हिवाळाभर रोज रात्री द्रोण घेऊन अंगणात बसलीस, आणि 'खा वं माय' बोललीस ते डोळा गेल्यावर. आधी काहून नाही बोललीस? मला तुझं रडणं नको, माळ नको, माया नको. तोंड इकडे कर आणि उत्तर दे.